इतर प्रोग्रामरना अडखळू न देणारा एपीआय कसा लिहावा

मोबाइल ॲपचे बटण सापडत नसेल तर ग्राहक तक्रार करतो आणि आपण ती गांभीर्याने घेतो. लायब्ररीतले, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडमधले, फंक्शन कसे वापरायचे हे एखाद्या प्रोग्रामरला कळले नाही, तर मात्र दोष त्याच्याच माथी मारला जातो: त्याने दस्तऐवज वाचला नाही, त्याला अनुभव कमी आहे, असे म्हणून विषय संपवला जातो. वास्तविक एपीआय, म्हणजे लायब्ररीने इतर प्रोग्रामना वापरण्यासाठी दिलेली फंक्शने आणि त्यांचे नियम, हाही एक इंटरफेस आहे, आणि त्याचा वापरकर्ता प्रोग्रामर असला तरी तो घाईत असतो, त्याच्या डोक्यात दुसरे काम असते आणि तो अंदाजाने पुढे जातो. तो योग्य अंदाज करील अशी रचना कशी करावी, हे या मार्गदर्शकात पाहायचे आहे.

एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. लातूरच्या बाजार समितीच्या आवारातील अडत दुकानांसाठी हिशेबपट्टी तयार करणारी एक लायब्ररी आहे, असे समजा. शेतकऱ्याचा माल येतो, वजन होते, सौदा ठरतो, हमाली आणि तोलाई वजा होते आणि पट्टी निघते. लायब्ररी लिहिणारे छत्रपती संभाजीनगरला बसतात. ती आपल्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवणारा प्रोग्रामर उदगीर, परभणी किंवा नांदेडला असतो. त्याने फोन करून विचारलेला प्रत्येक प्रश्न एपीआयमधला दोष म्हणून नोंदवून ठेवावा. पुढील सुधारणांची यादी त्यातूनच तयार होते.

आधी वापराचा कोड लिहावा

लायब्ररीचा अंतर्भाग लिहिण्यापूर्वी ती वापरणाऱ्याचा कोड लिहावा. फंक्शन अजून अस्तित्वात नाही, तरी ते असल्याप्रमाणे पाच-सात ओळी लिहाव्यात आणि दोन दिवसांनी त्या पुन्हा वाचाव्यात. आतून बाहेर रचना करत गेल्यास डेटाबेसचे तक्ते जसे आहेत तसेच एपीआयमध्ये उमटतात, आणि वापरणाऱ्याला त्याचे काम करण्याऐवजी आपले तक्ते शिकावे लागतात.

घाईत लिहिलेली पहिली आवृत्ती बहुधा अशी असते:

पट्टी_करा(२३.४०, ४८९२, १२, २, ट्रू)

(पायथन ३ मध्ये फंक्शनांची नावे देवनागरीत चालतात, अंक मात्र इंग्रजीच लागतात आणि ट्रू हा शब्दही रोमन लिपीत लिहावा लागतो, येथे ते वाचनाच्या सोयीसाठी बदलले आहेत.)

ही ओळ लिहिणाऱ्याला त्या क्षणी स्पष्ट असते. सहा महिन्यांनी ती वाचणाऱ्याला २३.४० हे वजन असावे आणि ४८९२ हा दर असावा इतके कळेल, कारण २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पण १२ म्हणजे ओलावा की हमालीचा दर, २ म्हणजे काय आणि ट्रू कशाला, हे कळण्यासाठी त्याला फंक्शनची व्याख्या उघडावी लागेल. तीच ओळ अशी लिहिता आली तर व्याख्या उघडण्याची गरज राहत नाही:

नवी_पट्टी(वजन=किलो(२३४०), दर=प्रति_क्विंटल(४८९२), ओलावा_टक्के=१२, तोलाई=तोलाई.वजा_करा)

टाइप करायला ती लांब आहे, हा आक्षेप नेहमी येतो. तो मला पटत नाही, कारण कोड एकदा लिहिला जातो आणि अनेकदा वाचला जातो, शिवाय टाइप करण्याचे निम्मे काम एडिटरच करतो.

एकके नावात किंवा टाइपमध्ये आणावीत

वरच्या उदाहरणातील वजन किलोत आहे की क्विंटलमध्ये, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याचा हिशेब करून पाहावा. २३ क्विंटल ४० किलो मालाचे ४,८९२ च्या दराने १,१४,४७२ रुपये ८० पैसे होतात. किलोतला आकडा क्विंटल समजून घेतला तर तीच रक्कम १,१४,४७,२८० रुपये होते. ही चूक कोणाच्याही लक्षात येईल. उलट बाजूने क्विंटलचा आकडा किलो समजला गेला तर १,१४४ रुपये ७३ पैसे निघतात, आणि एखाद्या लहान शेतकऱ्याची अर्ध्या पोत्याची पट्टी म्हणून ती रक्कम सहज खपून जाते. एककाची चूक घातक ठरते ती अशी, उत्तर संभाव्य दिसत असल्यामुळे.

या प्रकारच्या चुकीचे सर्वपरिचित उदाहरण नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाचे आहे. जमिनीवरील एक सॉफ्टवेअर इंजिनाचा आवेग पाउंड-सेकंदांत देत होते आणि ते आकडे पुढे वापरणाऱ्या प्रणालीला न्यूटन-सेकंद अपेक्षित होते. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक असतो. सप्टेंबर १९९९ मध्ये यान अपेक्षेपेक्षा मंगळाच्या फार जवळ गेले आणि नष्ट झाले. दोन्ही बाजूंना आकडा नुसता आकडा म्हणून दिसत होता, आणि त्याचे एकक फक्त कागदावर होते.

म्हणून वजन, दर, रक्कम आणि टक्के यांना स्वतंत्र टाइप (मूल्यांचे प्रकार) द्यावेत. भाषेत ते जड जात असेल तर निदान पॅरामीटरच्या (फंक्शनला द्यायच्या मूल्याच्या) नावात एकक लिहावे: वजन_किलो, ओलावा_टक्के. ओलाव्याच्या बाबतीत ही दक्षता विशेष हवी. हमीभावाने सोयाबीन खरेदी करताना १२ टक्के ओलाव्याची मर्यादा प्रचलित आहे, आणि ती कोणी १२ अशी लिहितो तर कोणी ०.१२ अशी. रकमेसाठी फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा टाइप) वापरू नये; बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. पूर्णांकात पैसे ठेवावेत किंवा डेसिमल टाइप घ्यावा. लाख-कोटींचे स्वल्पविराम देण्याचे काम दाखवणाऱ्या स्क्रीनचे आहे, लायब्ररीने शुद्ध आकडाच परत करावा.

क्रम, ट्रू-फॉल्स आणि नावे

पॅरामीटर तीनपेक्षा अधिक झाले की ते नाव देऊनच पाठवता येतील अशी सक्ती करावी. पायथनमध्ये एका तारांकनाने ती करता येते. क्रमावर भरवसा ठेवला की काय होते, हे पीएचपीमध्ये दिसते: तेथे अक्षरमालेत (स्ट्रिंगमध्ये) शोधणाऱ्या स्ट्रपॉस या फंक्शनला आधी मोठी अक्षरमाला आणि मग शोधायचा मजकूर द्यावा लागतो, तर यादीत शोधणाऱ्या इन-ॲरे या फंक्शनला नेमका उलट क्रम लागतो. वर्षानुवर्षे पीएचपी लिहिणारेही या ठिकाणी दस्तऐवज उघडतात. सी भाषेतील मेमसेट या मेमरी भरणाऱ्या फंक्शनला भरायचे मूल्य आणि लांबी यांची अदलाबदल करून दिली तरी दोन्ही पूर्णांकच असल्याने कंपायलर बहुधा निमूटपणे पुढे जातो.

ट्रू-फॉल्स पॅरामीटरविषयी माझे मत कठोर आहे: सार्वजनिक फंक्शनमध्ये ते नसावेतच. कारण दोनाचे तीन पर्याय कधी होतील हे सांगता येत नाही. लिबकर्ल या प्रसिद्ध लायब्ररीत सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याच सर्व्हरच्या नावाचे आहे का, हे तपासण्यासाठी एक पर्याय आहे. पूर्वी त्याला ०, १ आणि २ अशी तीन मूल्ये देता येत होती. खरी तपासणी २ या मूल्याने होत असे. १ दिल्यास प्रमाणपत्रात काहीतरी नाव आहे एवढेच पाहिले जाई. तपासणी चालू करायची म्हणून कित्येकांनी तेथे ट्रू लिहिले, पीएचपीने त्याचे १ केले, आणि सुरक्षित समजले जाणारे पैशांचे व्यवहार तपासणीविना चालत राहिले. २०१२ मध्ये संशोधकांनी अशा सॉफ्टवेअरची मोठी यादीच मांडली, त्यानंतर लिबकर्लने १ चा तो अर्थ काढून टाकला. ट्रू लिहिणाऱ्यांचा अंदाज अगदी स्वाभाविक होता, म्हणूनच तो धोकादायक ठरला.

नावांबाबत थोडक्यात सांगायचे तर एका क्रियेला एकच नाव असावे. पट्टी रद्द होते, पावती हटवली जाते आणि नोंद काढून टाकली जाते, असे तीन शब्द तीन ठिकाणी आले की वापरणारा त्या तिन्हींत काहीतरी फरक असणार असे गृहीत धरतो आणि तो शोधत बसतो.

ऑब्जेक्ट तयार करण्याच्या पद्धतीवर मात्र अभ्यास झालेले आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांना २००७ मध्ये असे आढळले की, साध्या कन्स्ट्रक्टरऐवजी (ऑब्जेक्ट थेट तयार करण्याऐवजी) फॅक्टरीमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या दुसऱ्याच घटकाकडून, ऑब्जेक्ट मिळवावा लागला तर प्रोग्रामरना लक्षणीयरीत्या अधिक वेळ लागतो. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सर्व आवश्यक मूल्ये कन्स्ट्रक्टरमध्येच मागण्यापेक्षा रिकामा ऑब्जेक्ट करून तो टप्प्याटप्प्याने भरणे प्रोग्रामरना सोयीचे वाटले. हिशेबाच्या कामात अर्धवट भरलेली पट्टी फिरत राहणे परवडत नाही, त्यामुळे मी मधला मार्ग सुचवीन: कच्ची पट्टी हवी तशी भरू द्यावी, पण ती पक्की करण्याची पायरी वेगळी ठेवावी आणि काय राहिले आहे ते त्या पायरीने नाव घेऊन सांगावे.

तारीख

७ जूनच्या सुमारास मृग लागतो, म्हणून हीच तारीख घेऊ. जावास्क्रिप्टमध्ये डेट या ऑब्जेक्टला २०२५, ६, ७ असे दिले तर ७ जुलै मिळतो, कारण तेथे महिने शून्यापासून मोजतात. ही खोड जावाच्या मूळ डेटमधून आली. जावाने २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत, तारखांची नवी लायब्ररी देऊन ती सुधारली, जावास्क्रिप्टच्या डेटमध्ये ती आजही आहे.

महिना बरोबर दिला तरी आणखी एक खड्डा पुढे असतो. भारतीय वेळेनुसार ७ जूनच्या मध्यरात्रीचा डेट तयार केला आणि तो आयएसओ स्वरूपात सर्व्हरला पाठवला, तर २०२५-०६-०६, १८:३० अशी नोंद जाते. भारतीय वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हरने त्यातील पहिली दहा अक्षरे घेतली की पट्टीवर ६ जून उमटतो. यावर उपाय असा की, जेथे फक्त दिवस अर्थपूर्ण आहे तेथे एपीआयने फक्त दिवसच घ्यावा आणि त्यासोबत वेळ आली तर ती मुकाट्याने कापून न टाकता नाकारावी.

मराठी मजकूर आपल्या लायब्ररीने सांभाळावा

परदेशी लायब्ररींच्या दस्तऐवजांत या गोष्टी क्वचितच सापडतात, पण आपल्याकडे त्या रोज लागतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव युनिकोडमध्ये १७ सांकेतिक बिंदूंचे (प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांचे) आहे आणि यूटीएफ-८ मध्ये ते ४९ बाइट घेते, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ‘नावाची कमाल लांबी ३०’ असे दस्तऐवजात लिहिले तर ती कशात मोजायची हे वापरणाऱ्याला कळणार नाही. ओरॅकल या डेटाबेसमध्ये मजकुराच्या स्तंभाची लांबी मूलतः बाइटमध्ये धरली जाते, तर मायएसक्यूएलमध्ये अक्षरांत. मर्यादा असेल तर ती कशाची आहे हे लिहावे, आणि शक्य तर इतकी प्रशस्त ठेवावी की प्रश्नच येऊ नये.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातील ऱ एका स्वतंत्र सांकेतिक बिंदूने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता असे दोन बिंदू जोडूनही लिहिता येतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, तुलना केली की वेगळे ठरतात आणि शोधात नाव सापडत नाही. एनएफसी हे युनिकोडचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे सारखी करणे) केल्यास दोन्ही रूपे एक होतात. काही कीबोर्ड मात्र तेच अक्षर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहितात. ते एनएफसीने बदलत नाही, त्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. हे काम लायब्ररीने मजकूर आत घेतानाच करावे, प्रत्येक वापरणाऱ्याने ते स्वतः करावे अशी अपेक्षा ठेवू नये.

जिल्ह्याचे नाव ओळख म्हणून वापरू नये, हेही याच ओघात सांगितले पाहिजे. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली, आणि नावावर आधारलेल्या जुळण्या तुटल्या. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हा, तालुका आणि गाव यांना सांकेतांक दिलेले आहेत. एपीआयने ते घ्यावेत आणि नाव केवळ दाखवण्यासाठी परत द्यावे.

चूक झाल्यावर काय सांगावे

एपीआयची खरी परीक्षा काम बिघडते तेव्हा होते. ‘अवैध इनपुट’ हा संदेश काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘ओलावा_टक्के मध्ये ०.१२ मिळाले. हे मूल्य टक्क्यांत हवे. बारा टक्क्यांसाठी १२ लिहावे.’ कोणत्या पॅरामीटरमध्ये अडचण आहे, प्रत्यक्षात काय मिळाले आणि काय अपेक्षित आहे, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. असा संदेश लिहायला दहा मिनिटे जास्त लागतात, पण समोरच्याची संध्याकाळ वाचते.

वेब एपीआय असेल तर काम फसले असताना २०० हा यशाचा सांकेतांक कधीही परत करू नये. आत ‘यश: नाही’ असे लिहिले असले तरी वापरणाऱ्याच्या लायब्ररीला आणि देखरेखीच्या साधनांना ते यशच दिसते. पाठवणाऱ्याची चूक असेल तर ४०० च्या गटातील सांकेतांक द्यावा. विनंत्या फार झाल्या असतील किंवा सर्व्हर तात्पुरता बंद असेल तर ४२९ किंवा ५०३ देऊन किती वेळाने पुन्हा प्रयत्न करावा हेही कळवावे.

सर्वांत महागडी अडचण येते ती उत्तर न आल्यावर. औशाच्या दुकानातून पट्टीची विनंती गेली, सर्व्हरने पट्टी तयार केली आणि उत्तर परत येताना नेटवर्क गेले, असे समजा. दुकानातील सॉफ्टवेअरला पट्टी झाली की नाही हे कळत नाही. पुन्हा विनंती पाठवली तर एका मालाच्या दोन पट्ट्या होतात, न पाठवली तर कदाचित एकही होत नाही. वापरणाऱ्या प्रोग्रामरने हा गुंता स्वतः सोडवावा असे म्हणणे अन्यायाचे आहे. प्रत्येक विनंतीबरोबर एक अद्वितीय खूण जावी, सर्व्हरने त्या खुणेसह उत्तर जपून ठेवावे आणि तीच खूण पुन्हा आली तर नवी पट्टी न करता जुनेच उत्तर द्यावे. खूण तीच पण मजकूर वेगळा आला तर ती चूक म्हणून नाकारावी.

ही खूण म्हणून काट्याच्या पावतीचा क्रमांक वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण दोन काट्यांवर तोच क्रमांक निघू शकतो आणि नव्या पावतीपुस्तकाबरोबर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. लायब्ररीने पहिल्या प्रयत्नापूर्वीच स्वतः यूयूआयडी (पुन्हा न येणारी लांबलचक खूण) तयार करून स्थानिक संचिकेत लिहून ठेवावा, म्हणजे मधेच वीज गेली तरी संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तीच खूण हाती राहते. वापरणाऱ्याला यातले काहीच लिहावे लागू नये. प्रतीक्षेची मर्यादाही मुळातच घातलेली असावी. पायथनची अत्यंत लोकप्रिय असलेली रिक्वेस्ट्स ही लायब्ररी मर्यादा सांगितली नाही तर उत्तराची वाट अनिश्चित काळ पाहत राहते, आणि काउंटरवरचा माणूस गोठलेल्या स्क्रीनकडे पाहत बसतो.

एकाला वापरायला देऊन गप्प बसावे

हे सर्व केल्यावरही आपल्याला न दिसणारे दोष उरतात, कारण आपल्याला उत्तर आधीच माहीत असते. त्यासाठी लायब्ररी पूर्वी कधीही न पाहिलेला प्रोग्रामर शोधावा. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्थेतील किंवा संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी यासाठी उत्तम, कारण आपला खरा वापरकर्ता बहुधा त्याच वयाचा आणि तितक्याच अनुभवाचा असतो.

त्याला दिलेल्या कामाचा कागद दुकानदाराच्या शब्दांत असावा: ‘या तीन शेतकऱ्यांच्या पट्ट्या करा, दुसऱ्याचे वजन चुकले आहे ते दुरुस्त करा, तिसऱ्याची रद्द करा.’ त्या कागदावर एकाही फंक्शनचे नाव येऊ देऊ नये. ते आले की आपण परीक्षेत उत्तर सांगितल्यासारखे होते. नंतर त्याच्या शेजारी बसावे, मनात येईल ते त्याला मोठ्याने बोलू द्यावे आणि स्वतः तोंड उघडू नये. हा भाग कठीण जातो. ‘खालचे फंक्शन बघ ना’ असे शब्द ओठांवर येतात, पण त्या वाक्यासरशी आपण शोधत असलेली माहिती नष्ट होते.

लक्ष ठेवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एडिटरमध्ये त्याने सर्वप्रथम कोणता शब्द टाइप केला ते लिहून घ्यावे, कारण त्याला ते फंक्शन त्याच नावाने अपेक्षित होते. त्याचे हात कोठे थांबले, दस्तऐवज कोणत्या क्षणी उघडला आणि तेथे काय शोधले, हेही नोंदवावे. चुकीचा कोड लिहून तो समाधानाने पुढे गेला, अशी जागा सापडली तर ती सर्वांत आधी दुरुस्त करावी.

दस्तऐवज तो कसा वाचतो हे पाहिल्यावर तो लिहिण्याची आपली पद्धतही बदलते. मॅकगिल विद्यापीठाचे मार्टिन रोबिलार्ड यांनी मायक्रोसॉफ्टमधील प्रोग्रामरचे सर्वेक्षण करून २००९ मध्ये दाखवले की, एपीआय शिकताना येणाऱ्या अडचणींत शिकण्याच्या साधनांतील उणिवा अग्रभागी असतात. बहुतेक जण पहिले उदाहरण उचलतात आणि त्यात फेरफार करत जातात. म्हणून पहिल्या पानावर एक संपूर्ण, जसेच्या तसे चालणारे उदाहरण असावे, आणि त्यात चुका हाताळण्याचा भागही असावा. संक्षेपासाठी तो गाळला तर तो दुकानादुकानांतून गाळलेलाच राहील.

अशा निरीक्षणातून नावे बदलण्याची गरज निघतेच. जुने नाव लगेच काढू नये. ते नव्या फंक्शनकडे वळवावे आणि वापरल्यास कोणते नवे नाव घ्यावे हे सांगणारी सूचना द्यावी. सुसंगतता तोडणारा बदल मुख्य आवृत्तीचा क्रमांक वाढवूनच करावा आणि तो बाजाराचे वर्ष पाहून करावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची आणि जानेवारीपासून तुरीची आवक जोरात असते, तेव्हा कोणत्याही दुकानात नवी आवृत्ती तपासायला माणूस मोकळा नसतो. एप्रिल-मे हा त्यासाठी योग्य काळ आहे, आणि जुनी नावे निदान पुढचा एक सोयाबीनचा हंगाम पार पडेपर्यंत चालू ठेवावीत.